दहा सेकंदांचा नियम

श्रोतेहो, दहा सेकंद म्हणजे किती वेळ? विहिरीत पोहरा सोडावा, तो पाण्याला टेकावा, भरावा आणि आपण दोराला पहिला हिसका द्यावा, इतकाच. या एवढ्याशा वेळावरून सन २०१४ च्या फेब्रुवारी महिन्यात अमेरिकेतल्या कॉलेजांच्या फुटबॉलमध्ये मोठे भांडण जुंपले. एक बाजू म्हणाली, दर खेपेला हे दहा सेकंद थांबलेच पाहिजे, नाही तर मुलांच्या जिवाला धोका आहे. दुसरी बाजू म्हणाली, धोका-बिका काही नाही. आमचा वेग तुम्हांला झेपत नाही, म्हणून तुम्ही नियमाचा आडोसा शोधता आहात.

खरे कोणाचे? याचा निवाडा करायचा तर सव्वाशे-दीडशे वर्षे मागे जावे लागते. हा खेळ आपला नव्हे, आपल्या गावच्या मैदानावर तो कोणी खेळत नाही, हे खरे. पण खेळात जीव जातो तेव्हा नियम कोणी करावा, कशाच्या आधारावर करावा, आणि 'मुलांच्या भल्यासाठी' असे म्हणणाऱ्याच्या मनात नेमके काय असते, हे प्रश्न जिथे मुले खेळतात तिथे सगळीकडे आहेत. म्हणून ही हकीकत आपणांस, विशेषतः शिक्षक बंधुभगिनींना, सांगावीशी वाटली.

आधी खेळ कसा असतो ते थोडक्यात पाहू. आपण फुटबॉल म्हणतो तो पायाने खेळायचा. अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये चेंडू मुख्यतः हातात धरून पळायचे असते. चेंडूही गोल नाही. न सोललेल्या नारळासारखा लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. मैदान १०० यार्ड लांब आणि ५३ यार्डांहून थोडे अधिक रुंद. दोन्ही संघांचे अकरा-अकरा गडी एका काल्पनिक रेषेच्या अलीकडे-पलीकडे समोरासमोर उभे राहतात. चढाई करणाऱ्या संघातला मधला गडी वाकून चेंडू दोन पायांमधून मागे देतो आणि खेळ सुरू होतो. चेंडूवाला पुढे घुसायला बघतो, समोरचे त्याला जमिनीवर लोळवायला बघतात. तो पडला की ती झटापट संपली. अशा झटापटीला 'डाउन' म्हणतात. चार डाउनमध्ये मिळून १० यार्ड पुढे सरकले तर पुन्हा चार मिळतात. नाही सरकले तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो.

म्हणजे हा खेळ पाण्यासारखा वाहत नाही. तो कुस्तीसारखा गाठी-गाठीने पुढे जातो. एक झटापट, मग उसंत, मग दुसरी झटापट. या उसंतीत चढाईचे गडी डोक्याला डोके लावून रिंगण करतात आणि पुढची चाल ठरवतात. त्या रिंगणाला 'हडल' म्हणतात. या रिंगणाची गोष्टही मोठी गमतीची आहे. वॉशिंग्टन शहरात गॅलॉडेट नावाचे मूकबधिरांचे कॉलेज आहे. १८९०-च्या दशकात तिथला पॉल हबर्ड हा खेळाडू हातांच्या खुणांनी आपल्या गड्यांना चाल सांगत असे. समोरच्या बहिऱ्या संघालाही त्या खुणा कळत. त्या त्यांना दिसू नयेत म्हणून त्याने गडी भोवती गोळा करून रिंगण केले, आणि तिथूनच ही रीत पडली, असे सांगतात.

हे रिंगण आणि ही उसंत लक्षात असू द्या. आपल्या भांडणाचे मूळ तिथेच आहे.

आता इतिहासाकडे वळू. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांत पहिला सामना झाला. एकेका बाजूला पंचवीस-पंचवीस गडी! चेंडू हातात घेऊन पळणे तेव्हा नव्हतेच. रटगर्सने ६-४ असा तो जिंकला. पुढे इंग्लंडच्या रग्बी खेळाचे वळण त्याला लागले. या खेळाला आजचे रूप देणारा माणूस म्हणजे येल विद्यापीठाचा वॉल्टर कॅम्प. त्याच्या सूचनेने १८८० मध्ये अकरा गडी ठरले आणि चेंडू मागे देऊन खेळ सुरू करण्याची पद्धत आली. पण नियमात फट राहिली. चेंडू किती वेळ आपल्याकडे ठेवायचा, याला मर्यादाच नव्हती. १८८१ मध्ये येल आणि प्रिन्स्टन यांचा सामना झाला, त्यात अर्धा वेळ एकाने आणि अर्धा वेळ दुसऱ्याने चेंडू नुसता धरून ठेवला. गुण शून्य-शून्य. प्रेक्षक कंटाळले. म्हणून १८८२ मध्ये नियम झाला, की तीन डाउनमध्ये ५ यार्ड तरी पुढे गेलेच पाहिजे. पाच-पाच यार्डांवर पांढऱ्या रेघा ओढल्या गेल्या, आणि मैदान मासे भाजण्याच्या जाळीसारखे दिसू लागले.

पाहा, नियम केला तो खेळ हलता राहावा म्हणून. पण पाच यार्ड म्हणजे फार थोडे अंतर. एवढे मिळवायला चतुराई कशाला हवी? गड्यांची मोळी बांधून एकाच जागी धडक दिली की काम झाले. त्यातच १८८८ मध्ये कमरेखाली, गुडघ्यापर्यंत पकड करायला परवानगी मिळाली. उघड्यावर एकटा पळणारा गडी मग सहज पडू लागला, आणि संघ आणखीच दाटीने खेळू लागले.

या दाटीत एका बुद्धिमान माणसाने वेगाची भर घातली. त्याचे नाव लॉरिन डेलंड. गंमत अशी, की हे गृहस्थ स्वतः कधी फुटबॉल खेळले नव्हते. बुद्धिबळाचा त्यांना नाद होता आणि नेपोलियनच्या लढायांचा त्यांचा अभ्यास होता. मोठे सैन्य वेगाने एका ठिकाणी आदळले की फळी फुटते, हे तत्त्व त्यांनी मैदानावर आणले. १९ नोव्हेंबर १८९२ रोजी हार्वर्ड आणि येल यांचा सामना होता. दुसऱ्या अर्ध्या भागाच्या आरंभी हार्वर्डचे गडी दोन तुकड्यांत मागे जाऊन उभे राहिले. इशारा होताच दोन्ही तुकड्या भरधाव पळत आल्या आणि मधोमध जुळल्या. सुताराच्या पाचरीसारखा आकार झाला, आणि चेंडूवाला त्या पाचरीच्या आत. समोर उभ्या असलेल्या येलच्या पोरांवर ती पाचर जाऊन आदळली. या चालीला 'उडती पाचर' असे नाव पडले. सामना येलने ६-० असा जिंकला, पण पुढच्या मोसमात जो तो पाचर मारू लागला. मोडलेल्या हाडांची संख्या इतकी वाढली, की १८९४ मध्ये या चालीवर बंदी आली. सुरुवातीच्या लाथेने चेंडू निदान १० यार्ड तरी गेला पाहिजे, असे ठरले. कारण पूर्वी लाथ मारल्यासारखे करून चेंडू लगेच हाती घेत आणि पाचर सुटे.

श्रोतेहो, इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. पाचर वाईट ठरली ती वेगामुळे की दाटीमुळे? दोन्हींमुळे. वेगाने धावणाऱ्या दहा जणांचे सारे वजन उभ्या असलेल्या एकाच्या अंगावर टाकले, म्हणून. हा भेद पुढे फार उपयोगी पडणार आहे.

आता एका आईची गोष्ट सांगतो. १८९७ च्या ऑक्टोबर महिन्याच्या ३० तारखेला अटलांटा शहरात जॉर्जिया आणि व्हर्जिनिया या विद्यापीठांचा सामना होता. त्यात जॉर्जियाच्या रिचर्ड गॅमन या मुलाच्या डोक्याला जबर मार बसला आणि रात्र सरता-सरता तो गेला. राज्यभर हळहळ झाली. जॉर्जियाच्या विधिमंडळाने फुटबॉलवर बंदी घालणारे विधेयक पाहता-पाहता मंजूर केले. राहिली होती फक्त गव्हर्नरची सही. अशा वेळी त्या मुलाच्या आईने पत्र लिहिले. माझ्या मुलाला हा खेळ जीव की प्राण होता. त्याच्या मरणाचे निमित्त करून तो खेळच मोडू नका, असा त्या पत्राचा आशय. गव्हर्नर ॲटकिन्सन यांनी सही नाकारली आणि खेळ वाचला.

त्या माउलीच्या मनाचा मोठेपणा कोणीही मान्य करील. पण शिक्षक मित्रहो, आपण एक प्रश्न विचारला पाहिजे. खेळ वाचला, ठीक. पण पुढच्या मुलाचे डोके वाचावे म्हणून काय झाले? त्या पत्रापाठोपाठ नियम बदलायला हवे होते. ते झाले नाही. बंदी किंवा काहीच नाही, असे दोनच रस्ते लोकांना दिसत होते. तिसरा रस्ता सापडायला आणखी आठ वर्षे आणि आणखी कितीतरी मुले जायची होती.

ते वर्ष १९०५. मोसम संपताना वृत्तपत्रांनी गणती छापली. अठरा-एकोणीस मुले दगावली होती, आणि त्यांतली बहुतेक शाळकरी वयाची. मोसमाच्या मध्येच, ९ ऑक्टोबरला, अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन यांच्या लोकांना व्हाइट हाउसवर बोलावले होते. रूझवेल्ट रांगड्या खेळांचे चाहते. त्यांचा स्वतःचा मुलगा त्या वर्षी हार्वर्डच्या नवशिक्या संघातून खेळत होता आणि त्याचे नाक मोडले होते. खेळ बंद व्हावा अशी त्यांची इच्छा मुळीच नव्हती. पण असाच चालला तर लोक तो बंद पाडतील, हे त्यांना दिसत होते. मंडळी चर्चा करून गेली, सभ्यपणे खेळू असे आश्वासन देऊन गेली. पण आश्वासनाने हाडे वाचत नाहीत. २५ नोव्हेंबरला न्यूयॉर्क विद्यापीठाविरुद्ध खेळताना युनियन कॉलेजचा एक खेळाडू डोक्याच्या दुखापतीने मेला. तेव्हा न्यूयॉर्क विद्यापीठाचे प्रमुख हेन्री मॅक्रॅकन यांनी पुढाकार घेतला. डिसेंबरात साठाहून अधिक कॉलेजांचे प्रतिनिधी जमले. त्यांतून १९०६ मध्ये एक संघटना निघाली, आणि १९१० पासून ती एनसीएए या नावाने ओळखली जाते. कोलंबिया विद्यापीठाने मात्र खेळच सोडून दिला, आणि स्टॅनफर्ड व कॅलिफोर्निया ही विद्यापीठे रग्बीकडे वळली.

आता नियम करणाऱ्यांनी काय केले ते ऐका. १९०६ साली त्यांनी तीन मोठे बदल केले. पहिला, तीन डाउनमध्ये ५ ऐवजी १० यार्ड जायला हवे. म्हणजे नुसत्या दाटीच्या धडकेने भागणार नाही. दुसरा, दोन्ही फळ्यांमध्ये चेंडूच्या लांबीएवढी मोकळी पट्टी. म्हणजे चेंडू हलण्यापूर्वीच नाकाला नाक लावून गुद्दागुद्दी व्हायला नको. आणि तिसरा बदल सर्वांत मोठा. चेंडू हाताने पुढे फेकायला परवानगी. तोवर चेंडू पुढे फेकणे निषिद्ध होते. मैदान रुंद करावे, म्हणजे गर्दी पांगेल, अशीही एक सूचना होती. पण हार्वर्डने १९०३ मध्येच भक्कम काँक्रीटचे प्रेक्षागार बांधून घेतले होते. त्यात मैदान रुंद करायला जागा नव्हती. खुद्द वॉल्टर कॅम्पला ही पुढची फेक पसंत नव्हती. तरी ती आली.

यातली खुबी पाहा. दुखापती होतात म्हणून त्यांनी खेळ सावकाश केला नाही. त्यांनी खेळ मोकळा केला. जिथे दाटी होती तिथे जागा केली. फेक पुढे जाणार असेल तर बचावाच्या गड्यांना मैदानभर पसरावे लागते, आणि पसरलेल्या गड्यांवर मोळी आदळत नाही. अर्थात नवा रस्ता एका दिवसात रुळत नाही. आरंभी फेक कोणाच्याही हाताला न लागता जमिनीवर पडली तर चेंडूच प्रतिपक्षाकडे जाई, म्हणून फेकायला संघ भीत. १९०९ मध्ये पुन्हा मृत्यू वाढले. मग १९१० मध्ये आपल्या चेंडूवाल्याला मागून ढकलणे, पुढून ओढणे, हातात हात गुंफून भिंत करणे, हे सगळे बंद झाले. १९१२ मध्ये तीनचे चार डाउन झाले. १ नोव्हेंबर १९१३ रोजी नोटर डेमच्या संघाने लांब-लांब फेकी करून लष्करी कॉलेजच्या बलदंड संघाला ३५-१३ असे हरवले, तेव्हा कुठे सर्वांचे डोळे उघडले, की मोकळा खेळ जिंकूनही देतो.

आणि वेगाचे काय? घाईचा खेळ ही आजकालची टूम, असा बऱ्याच लोकांचा समज आहे. तो खरा नाही. १९०१ साली मिशिगन विद्यापीठाला फील्डिंग योस्ट नावाचे प्रशिक्षक लाभले. एक झटापट संपते न संपते तोच ते आपल्या गड्यांना ओरडून पुढच्या चालीला उभे करत. त्यावरून त्यांचे टोपणनावच 'हरी अप' पडले. हा आपला हरी नव्हे बरे का. 'हरी अप' म्हणजे 'आटपा लवकर'! त्या मोसमात मिशिगनने ५५० गुण केले, आणि प्रतिपक्षांना मिळून एकही गुण करू दिला नाही. म्हणजे घाईची युक्ती पुढच्या फेकीपेक्षाही जुनी आहे.

मध्यंतरी आणखी एक धडा या खेळाने दिला. तो शिरस्त्राणाचा, म्हणजे हेल्मेटचा. कॉलेजांत १९३९ पासून आणि धंदेवाईक संघांत १९४३ पासून हेल्मेट सक्तीचे झाले. चामड्याच्या टोपीच्या जागी कठीण प्लॅस्टिकचे कवच आले. वाटले, आता डोकी वाचली. झाले उलटे. डोक्याला कवच मिळाले म्हणताच गडी डोकेच हत्यारासारखे वापरू लागले. एडक्यासारखी मान खाली घालून समोरच्याला धडक द्यायची, असे प्रशिक्षकच शिकवू लागले. १९६८ या एका वर्षी खेळातल्या मारामुळे ३६ खेळाडू मृत्यू पावले. मग हेल्मेटची कसोटी ठरली, आणि १९७६ मध्ये शाळा-कॉलेजांतून डोक्याने पहिली धडक मारायला बंदी झाली. परिणाम आकड्यांत पाहा. मानेचा कणा मोडून चारही हातपाय कायमचे लुळे पडलेले खेळाडू १९७६ मध्ये ३४ होते; एका वर्षात ते १८ वर आले, आणि १९८४ मध्ये ५ वर. १९९० साली तर खेळातल्या माराने एकही मृत्यू झाला नाही.

हे कळले कसे? कोणीतरी मोजत होते म्हणून. १९३१ पासून अमेरिकेतल्या प्रशिक्षकांच्या संघटनेने दर वर्षी मृत्यूंची नोंद ठेवायला सुरुवात केली. पुढे डॉक्टरांनी मानेच्या दुखापतींची वही ठेवली. कोणता मार कशाने बसला, हे लिहून ठेवले गेले. म्हणून रोगाची नाडी सापडली आणि औषध लागू पडले.

आता आपण पुन्हा घाईच्या खेळाकडे येऊ. १९८८ च्या मोसमात सिनसिनाटीच्या धंदेवाईक संघाचे प्रशिक्षक सॅम वाइश यांनी ते मघाचे रिंगणच काढून टाकले. झटापट संपली की त्यांचे गडी तडक रेषेवर. चाल तिथल्या तिथे खुणेने किंवा ओरडून सांगायची. याचा फायदा काय? या खेळात पाहिजे तेव्हा गडी बदलता येतात. बचावाचा संघ दमलेला गडी बाहेर काढतो आणि ताजा आत घेतो. पण चढाईवाल्यांनी उसंतच दिली नाही, तर बदलणार केव्हा? दमलेला गडी तसाच धापा टाकत उभा राहतो. दमतात दोघेही, परंतु पुढे काय होणार हे चढाईवाल्याला ठाऊक असते, बचाववाल्याला नसते.

८ जानेवारी १९८९ रोजी सिनसिनाटीचा बफेलोशी महत्त्वाचा सामना होता. तुम्ही घाई केलीत तर आमचे गडी लागल्याचे सोंग करून खाली पडतील, असे बफेलोच्या गोटातून निघाले. सामन्याच्या थोडे आधी लीगच्या अधिकाऱ्यांनी सिनसिनाटीलाच ताकीद दिली, की रिंगणाशिवाय घाई केलीत तर दंड होईल. सिनसिनाटीने सामना तरीही २१-१० असा जिंकला. खरी गंमत पुढेच आहे. ज्या बफेलोने तक्रार केली, त्याच बफेलोने पुढे ही युक्ती उचलली आणि तिच्या जोरावर १९९१ ते १९९४ अशी लागोपाठ चार वर्षे अंतिम सामन्यात धडक मारली. चारही वेळा हरले, हा भाग वेगळा! सासू-सुनेच्या गोष्टीसारखेच हे. काल ज्याचा जाच वाटत होता, तोच आज आपला रिवाज.

पुढे कॉलेजांत ही घाई आणखी वाढली. २००९ ते २०१२ या काळात ऑरेगन विद्यापीठाचे प्रशिक्षक चिप केली यांनी ती कळसाला नेली. इतर संघ एका सामन्यात साधारण सत्तर चाली खेळत, तिथे घाईचे संघ ऐंशीच्या वर जाऊ लागले. दोन झटापटींमध्ये ४० सेकंदांची मुदत असते, पण ती वापरायलाच हवी असे नाही. आपल्या कबड्डीत चढाईला ३० सेकंद असतात म्हणून चढाईवाला तीसही सेकंद काढतोच असे नाही, तसेच हे.

आणि मग आला फेब्रुवारी २०१४. कॉलेजांच्या नियम समितीने प्रस्ताव मांडला, की ४० सेकंदांतले पहिले दहा सेकंद चढाईवाल्यांनी चेंडू हलवू नये. तेवढ्यात बचाववाल्यांना गडी बदलता येतील. प्रत्येक अर्ध्या भागाची शेवटची दोन मिनिटे मात्र यातून वगळलेली. कोणी दहा सेकंदांच्या आधी खेळ सुरू केलाच, तर त्याला ५ यार्डांचा दंड. त्या दंडाचे नाव काय, ठाऊक आहे? 'खेळाला उशीर केल्याबद्दल'! लवकर केले म्हणून उशिराचा दंड. लोक हसले नसते तरच नवल.

अलाबामाचे निक सेबन आणि आर्कान्सॉचे ब्रेट बिलेमा हे प्रशिक्षक प्रस्तावाच्या बाजूचे. त्यांचे म्हणणे, चाली जितक्या जास्त तितक्या धडका जास्त. आणि दमलेला गडी नीट पडत नाही, नीट पकडत नाही, तो लवकर जायबंदी होतो. ऑबर्नचे गस मालझान, ॲरिझोनाचे रिच रॉड्रिग्ज वगैरे मंडळी विरुद्ध. त्यांचा प्रश्न सरळ होता: घाईने दुखापती वाढतात याला पुरावा कुठे आहे? तो पुढे आला नाही. शिवाय आणखी एक खोच होती. एनसीएएमध्ये नियमांचे बदल एक वर्षाआड होत. २०१४ हे मधले वर्ष. त्या वर्षी फक्त खेळाडूंच्या सुरक्षिततेसाठीच बदल करता येत होता. म्हणजे दार उघडायचे तर 'सुरक्षितता' हीच एक किल्ली होती. ज्यांचे संघ धिप्पाड आणि सावकाश, तेच ती किल्ली घेऊन उभे आहेत, हे लोकांच्या नजरेतून सुटले नाही. मार्च महिन्यात प्रस्ताव बाजूला ठेवण्यात आला. आणि सेबन यांच्या अलाबामानेही पुढे वेगाचा खेळ आपलासा केला.

तर मग घाईवाले खरे आणि सेबन खोटे, असे म्हणून आपण उठायचे का? नाही. इथेच थोडे सावध राहिले पाहिजे. २००२ साली पिट्सबर्गचा नामांकित खेळाडू माइक वेब्स्टर वयाच्या पन्नाशीत वारला. शेवटची वर्षे त्याने भ्रमिष्टासारखी काढली होती. नायजेरियात जन्मलेले डॉक्टर बेनेट ओमालू यांनी त्याचा मेंदू तपासला, आणि २००५ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. डोक्यावर वर्षानुवर्षे बसलेल्या धक्क्यांनी मेंदू आतून झिजतो, हे त्यांनी दाखवले. एकाच मोठ्या माराने माणूस मरतो तेवढाच धोका नव्हे. वरवर न जाणवणारे हजारो लहान धक्केही साठत जातात. हे खरे असेल, तर धडका किती होतात याला महत्त्व आहेच. सेबन यांची शंका फोल नव्हती. तिला पुराव्याचा आधार नव्हता, आणि तिच्यावरचा उपाय एकाच बाजूच्या सोयीचा होता.

नंतर काय घडले ते पाहा. २०१३ पासून कॉलेजांत डोक्यावर नेम धरून धडक देणाऱ्याला सामन्यातूनच बाहेर काढतात. २०२३ मध्ये घड्याळाचा नियम बदलला. पूर्वी १० यार्ड पुरे झाले की घड्याळ थांबे. आता प्रत्येक अर्ध्या भागाची शेवटची दोन मिनिटे सोडली तर ते चालूच राहते. त्यामुळे दोन्ही संघांच्या चाली थोड्या कमी होतात, आणि कोणाच्या घाईला हात लागत नाही. लागल्याचे सोंग करणाऱ्यांचीही सोय २०२५ मध्ये बंद झाली. पुढच्या चालीसाठी चेंडू मांडून झाल्यावर कोणी गडी लोळण घेऊन खेळ थांबवील, तर त्याच्या संघाची एक हक्काची विश्रांती कापली जाते. ती उरली नसेल तर ५ यार्डांचा दंड. खोटे लागणे वाढले की खरे लागलेल्याकडेही लोक संशयाने पाहतात. म्हणून हा नियमही एका परीने जखमी खेळाडूच्या रक्षणाचाच आहे.

आता निवाडा. वेग स्वतः वैरी नाही. १९०६ मध्ये तर खेळ मोकळा आणि चपळ करूनच मुलांचे जीव वाचवायचा प्रयत्न झाला. 'उडती पाचर' वाईट ठरली, कारण तिथे वेग आणि दाटी एका मुलाच्या छातीवर एकत्र आली. हेल्मेट चांगले, पण त्याने डोक्याचे हत्यार केले तेव्हा तेही वाईट. म्हणून कोणी सुरक्षिततेचा नियम पुढे आणला, की तीन गोष्टी विचाराव्यात. कोणाचे शरीर वाचणार आहे? ते कशावरून म्हणता? आणि नियम झाल्यावर कोणाचा फायदा होणार आहे? त्याचप्रमाणे कोणी 'खेळात लागायचेच, मर्दानी खेळ आहे' असे म्हणाला, तर त्यालाही हेच तीन प्रश्न विचारावेत. १८९७ मध्ये जॉर्जियात ते कोणी विचारले नाहीत.

शिक्षक मित्रहो, जाता-जाता एक विनंती. आपल्या शाळेत मुले कबड्डी, खो-खो, कुस्ती खेळतात. एक साधी वही करा. कोणाला केव्हा लागले, कुठे लागले, कोणत्या डावात आणि कशाने, एवढेच लिहा. खेळ सकाळचा होता की दुपारच्या उन्हातला, मैदान ओले होते की खडे वेचलेले नव्हते, तेही लिहा. वर्षाच्या शेवटी ती वही चाळा. कदाचित दिसेल, की निम्म्या जखमा मैदानाच्या एकाच कोपऱ्यात होतात. मग खेळ बंद करायला नको आणि मुलांना भित्रे म्हणायलाही नको. त्या कोपऱ्यावर दोन पाट्या माती टाकली की भागेल. अमेरिकेत पहिल्या सामन्यापासून अशी रीतसर वही सुरू व्हायला बासष्ट वर्षे लागली. आपल्याला ती उद्याच्या तासाला सुरू करता येईल.